आमच्यानंतर काय?
विकासात्मक अक्षमता असलेल्या व्यक्तींसाठी कुटुंब, समाज, कायदा आणि बँक

मूल लहान असते तेव्हा आईवडिलांच्या मनात नाना प्रकारच्या चिंता असतात. ते चालू लागते, बोलू लागते, शाळेत जाते, पुढे स्वतःच्या पायावर उभे राहते आणि एकेक चिंता आपोआप मागे पडते. काही घरांत मात्र एक चिंता मुलाच्या वयाबरोबर वाढतच जाते. मूल पंचविशीत पोहोचते, आईवडील साठी ओलांडतात आणि त्यांच्यापुढे एकच प्रश्न उभा राहतो : 'आमच्यानंतर काय?' बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा यांपैकी एकाहून अधिक अवस्था असलेल्या व्यक्तींच्या कुटुंबांचा हा प्रश्न आहे.

पुष्कळदा हा प्रश्न बँकेच्या खिडकीवर वेगळ्या रूपात येतो. 'मुलाच्या नावावर ठेव ठेवायची आहे, व्याजदर काय?' अशी साधी चौकशी होते. व्याजदर सांगणे सोपे आहे. परंतु त्या चौकशीमागील खऱ्या प्रश्नाचे उत्तर केवळ ठेवीने मिळत नाही. ठेवीतील रक्कम त्या व्यक्तीसाठी काढण्याचा अधिकार कोणाला असेल आणि ती कशासाठी खर्च करावी हे कोणाला ठाऊक असेल, या दोन गोष्टी ठेवीइतक्याच महत्त्वाच्या आहेत. पैसा, कायदेशीर अधिकार आणि जिव्हाळ्याची माणसे या तिन्हींची तजवीज आईवडिलांच्या हयातीतच व्हावी लागते. ती कशी करावी, याची माहिती ग्राहकांना आणि बँकेच्या कर्मचाऱ्यांनाही असणे आवश्यक आहे.

विकासात्मक अक्षमता म्हणजे काय?

बालपणीच, मेंदूच्या वाढीच्या काळात उद्भवणाऱ्या आणि बहुधा आयुष्यभर सोबत राहणाऱ्या अवस्थांना विकासात्मक अक्षमता म्हणतात. बौद्धिक अक्षमतेत शिकणे, विचार करणे आणि दैनंदिन व्यवहार सांभाळणे यांचा वेग व आवाका मर्यादित असतो. पूर्वी यासाठी 'मतिमंद' हा शब्द सर्रास वापरला जात असे. आज 'बौद्धिक अक्षमता' हा शब्द अधिक उचित मानला जातो. स्वमग्नतेत इतरांशी संवाद साधणे, सामाजिक संकेत ओळखणे अवघड जाते. ठरावीक क्रमाची ओढ असते आणि आवाज, प्रकाश किंवा स्पर्श यांचा त्रासही होऊ शकतो. सेरेब्रल पाल्सीमध्ये मेंदूला जन्मापूर्वी, जन्मताना किंवा जन्मानंतर लवकरच झालेल्या इजेमुळे स्नायूंवरील नियंत्रण बिघडते. हातपाय व वाचा साथ देत नसली तरी बुद्धी उत्तम असू शकते, हे येथे विसरता कामा नये.

कारणे अनेक आहेत. डाऊन सिंड्रोममध्ये एकविसाव्या गुणसूत्राची एक जादा प्रत असते. अपुऱ्या दिवसांची प्रसूती, जन्मताना प्राणवायूचा तुटवडा, नवजात अवस्थेतील तीव्र कावीळ, मेंदूज्वर यांमुळेही हानी होऊ शकते. जन्मतः थायरॉइडची कमतरता असेल आणि ती पहिल्या काही आठवड्यांतच ओळखून औषध सुरू केले, तर बौद्धिक हानी बव्हंशी टाळता येते. स्वमग्नतेच्या मुळाशी प्रामुख्याने आनुवंशिक व जैविक घटक आहेत. आईने माया कमी केली किंवा लस टोचली म्हणून मूल स्वमग्न होते, या दोन्ही समजुतींना शास्त्रीय आधार नाही. हे स्पष्टपणे सांगणे गरजेचे आहे, कारण या समजुतींचा दोष अजूनही घरातील आईच्या माथी मारला जातो.

विकासात्मक अक्षमता आणि मानसिक आजार या दोन भिन्न गोष्टी आहेत. मानसिक आजार कोणत्याही वयात उद्भवू शकतो व उपचारांनी पुष्कळदा आटोक्यात येतो. बौद्धिक अक्षमता हा आजार नसून ती वाढीशी निगडित अवस्था आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ यानेही मानसिक आजाराच्या व्याख्येतून बौद्धिक अक्षमता वगळली आहे. हा फरक पुढे कायदेशीर कागदपत्रांच्या वेळी उपयोगी पडतो.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख व्यक्ती अपंगत्व असलेल्या होत्या. त्यांपैकी सुमारे १५ लाख बौद्धिक अक्षमता असलेल्या होत्या. त्या जनगणनेत स्वमग्नतेची स्वतंत्र नोंद नव्हती. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ यानंतर मान्यताप्राप्त प्रकार ७ वरून २१ झाले आणि स्वमग्नतेला त्यांत स्वतंत्र स्थान मिळाले.

लवकर निदान हा या वाटेवरील पहिला टप्पा होय. वर्षाचे मूल नावाने हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, दीड वर्षाचे मूल हवी ती वस्तू बोट दाखवून सांगत नसेल, बसणे किंवा चालणे फार लांबले असेल, तर 'आमच्याकडे सगळेच उशिरा बोलतात' असे म्हणून थांबू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून झाला. त्याअंतर्गत अंगणवाड्या व शाळांतून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि गरज असल्यास जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते.

पालकांनी उभ्या केलेल्या संस्था

या क्षेत्रातील सेवांचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. आपल्या मुलासाठी शाळा नाही, हे पाहून पालकांनीच अनेक ठिकाणी पहिली शाळा काढली. मुंबईत १९४४ मध्ये वकील दांपत्याने डाऊन सिंड्रोम असलेल्या आपल्या दीना या मुलीसाठी घरातच वर्ग सुरू केला. त्यातूनच शिवडीची जय वकील संस्था उभी राहिली. पुण्यात १९६४ मध्ये सिंधुताई जोशी यांनी 'कामायनी'ची स्थापना केली.

मुंबईतच १९७२ मध्ये मिथू अलूर यांनी सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी विशेष शिक्षण केंद्र सुरू केले. त्यामागेही त्यांची मुलगी मालिनी चिब हिच्या शिक्षणाचा प्रश्न होता. मालिनी यांनी पुढे लंडनमध्ये दोन पदव्युत्तर पदव्या मिळवल्या आणि २०१० मध्ये 'वन लिटल फिंगर' हे आत्मकथन प्रसिद्ध केले. एका बोटाने कळफलकावर टंकलेखन करून त्यांनी ते लिहिले. मुंबईच्या पाठोपाठ १९७४ मध्ये सुधा कौल यांच्या पुढाकाराने कोलकात्यातही असेच केंद्र सुरू झाले. तीच आजची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सेरेब्रल पाल्सी. देशाच्या दोन टोकांच्या महानगरांत एकाच दशकात, एकाच गरजेतून ही कामे उभी राहिली.

शाळा हा प्रश्नाचा पूर्वार्ध झाला. १९९१ मध्ये 'चौकट राजा' या चित्रपटाने मराठी प्रेक्षकांसमोर बौद्धिक अक्षमता असलेला प्रौढ 'नंदू' उभा केला, तेव्हा त्याच्या वेदनेइतकीच त्याच्या आईची काळजी प्रेक्षकांना भिडली. मूल प्रौढ झाल्यावर काय, हा प्रश्न त्याच काळात अनेक पालक एकमेकांना विचारू लागले होते. डोंबिवलीजवळील खोणी येथील 'घरकुल' ही निवासी वास्तू अमेय पालक संघटनेच्या अशाच विचारमंथनातून उभी राहिली. पालकांनी एकत्र यावे, प्रौढ मुलांसाठी कायमचे घर उभारावे आणि ते चालवण्याची जबाबदारीही संघटितपणे उचलावी, ही त्यामागील भूमिका. कोल्हापूरची चेतना अपंगमती विकास संस्था, मुंबईचे उम्मीद बालविकास केंद्र, गोव्यातील सेतू अशा संस्थांनी आपापल्या परीने शिक्षण, उपचार आणि पालक मार्गदर्शन यांत मोलाची भर घातली आहे.

अशा संस्थांत पालकांना सेवेबरोबर आणखी एक गोष्ट मिळते. आपल्यासारखेच दुसरे घर आहे, हे तेथे कळते. कोणत्या रुग्णालयात प्रमाणपत्र लवकर मिळते, कोणत्या दंतवैद्याला अशा मुलांची सवय आहे, रेल्वे सवलतीसाठी कोणता अर्ज लागतो, हे ज्ञान बहुधा एका पालकाकडून दुसऱ्याकडे जाते. ज्यांचे मूल नुकतेच निदानाच्या टप्प्यावर आहे त्यांनी उपचारांइतक्याच तातडीने एखाद्या पालक संघटनेशी नाते जोडावे, असे म्हणूनच सुचवावेसे वाटते.

शाळा संपल्यानंतरची पोकळी

विशेष शाळा साधारणतः अठराव्या वर्षापर्यंत सांभाळते. त्यानंतर दिवसाचे आठ तास रिकामे होतात. शाळेची गाडी येत नाही, मित्र भेटत नाहीत, शिकलेली कौशल्ये हळूहळू विसरली जातात आणि घरातील एका व्यक्तीला, बहुधा आईला, नोकरी सोडून घरी थांबावे लागते. ही पोकळी भरून काढण्यासाठी उद्योग केंद्रे, दिवसभराची देखभाल केंद्रे आणि आधारयुक्त रोजगार आवश्यक असतो. कागदी पिशव्या, पणत्या, राख्या, मसाले, फराळाचे पदार्थ यांची निर्मिती अनेक उद्योग केंद्रांत होते. मुंबईत जुहू येथे यश चॅरिटेबल ट्रस्टने २०१८ मध्ये 'अर्पण' हे उपाहारगृह सुरू केले. विकासात्मक अक्षमता असलेले प्रौढ तेथे स्वयंपाकघरात व ग्राहकसेवेत पगारी काम करू लागले. काम छोट्या टप्प्यांत विभागले, चित्रांच्या साहाय्याने समजावले आणि सुरुवातीला एक मार्गदर्शक सोबत दिला, तर पुष्कळ जण ते नेमकेपणाने करू शकतात.

केंद्र शासनाच्या राष्ट्रीय न्यासाने या गरजा ओळखून काही योजना आखल्या आहेत. लहान मुलांसाठी 'दिशा', मोठ्यांच्या दिवसभराच्या देखभालीसाठी 'विकास', अल्पकालीन निवासासाठी 'समर्थ', आयुष्यभराच्या निवासासाठी 'घरौंदा' आणि काळजीवाहकांच्या प्रशिक्षणासाठी 'सहयोगी' अशी त्यांची नावे आहेत. नोंदणीकृत स्वयंसेवी संस्थांमार्फत त्या राबवल्या जातात. 'निरामय' ही आरोग्यविमा योजना एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते. तिला वयाची अट नाही, विम्यापूर्वीच्या वैद्यकीय तपासणीची गरज नाही आणि नियमित उपचारपद्धतींचा खर्चही तीत अंतर्भूत आहे. खाजगी विमा कंपन्यांकडे अशा व्यक्तींचा विमा उतरवणे फार काळ दुरापास्त होते, हे लक्षात घेता या योजनेचे महत्त्व कळते.

महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला. पात्र व्यक्तींना संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा लाभही मिळतो. यांपैकी बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के अक्षमतेचे प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र, म्हणजेच यूडीआयडी कार्ड, लागते. हे कार्ड काढणे ही प्रत्येक कुटुंबाची पहिली कागदोपत्री पायरी असावी.

अठरावा वाढदिवस आणि कायदा

आता कायद्याच्या प्रश्नाकडे वळू. एक कल्पित उदाहरण घेऊ. वडिलांनी बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाच्या नावावर, तो दहा वर्षांचा असताना, स्वतः पालक राहून मुदत ठेव ठेवली. मुलगा अठरा वर्षांचा झाला. घरात त्याचा वाढदिवस साजरा झाला. पण कायद्याच्या दृष्टीने त्या दिवशी वडिलांचे नैसर्गिक पालकत्व संपले, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. पुढे वडील वारले. ठेवीची मुदत संपली तेव्हा आई बँकेत गेली. मुलाला सही करता येत नव्हती, व्यवहार समजत नव्हता आणि आईकडे त्याच्या वतीने सही करण्याचा कायदेशीर अधिकार नव्हता. पैसे मुलाचे होते, गरजही मुलाचीच होती, तरीही ते हाती येईनात. बँकेने रक्कम अडवली असे आईला वाटणे स्वाभाविक होते. परंतु अधिकाराशिवाय रक्कम देणे हे मुलाच्याच हिताविरुद्ध ठरू शकते, म्हणून बँकेलाही तसे करता येत नाही.

हा पेच सोडवण्यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तरतूद आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार अवस्थांसाठी हा कायदा आहे. त्याअन्वये जिल्हा पातळीवर स्थानिक स्तर समिती असते. तीत जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती यांचा समावेश असतो. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीसाठी आईवडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था या समितीकडे पालकनियुक्तीचा अर्ज करू शकतात. दिवाणी न्यायालयाच्या तुलनेत ही वाट कमी खर्चाची आणि सुटसुटीत आहे.

समितीने दोन गोष्टी तपासावयाच्या असतात : या व्यक्तीला पालकाची खरोखर गरज आहे काय, आणि असल्यास कोणत्या कारणांसाठी? म्हणजे पालकत्व हा सरसकट अधिकार नाही. नियुक्त पालकावर जबाबदाऱ्याही आहेत. नियुक्तीनंतर सहा महिन्यांच्या आत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी सादर करावी लागते आणि प्रत्येक आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत जमाखर्चाचा हिशेब द्यावा लागतो. पालकाने हेळसांड केली किंवा मालमत्तेचा गैरवापर केला, तर त्याला दूर करण्याची तरतूद आहे. पाठीमागे राहणाऱ्या मुलाची मिळकत कोणी गिळंकृत करील, ही भीती ज्या आईवडिलांना वाटते त्यांना कायद्याने दिलेले हे संरक्षण होय.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. २०१६ च्या कायद्याच्या कलम १३ ने दिव्यांग व्यक्तींना इतरांच्या बरोबरीने मालमत्ता धारण करण्याचा, स्वतःचे आर्थिक व्यवहार पाहण्याचा आणि बँक कर्ज मिळवण्याचा हक्क दिला आहे. स्वमग्न तरुण व्यवहार समजून सही करू शकत असेल, किंवा सेरेब्रल पाल्सी असलेली महिला उत्तम विचार करून अंगठा उमटवत असेल, तर केवळ अवस्थेचे नाव पाहून पालकाचे प्रमाणपत्र मागणे योग्य नव्हे.

बँकेच्या खिडकीवर

रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २००७ मध्ये बँकांना कळवले की, राष्ट्रीय न्यास कायद्यांतर्गत स्थानिक स्तर समितीने दिलेले पालकत्व प्रमाणपत्र खाते उघडण्यासाठी व चालवण्यासाठी ग्राह्य धरावे. पालकांना व नातेवाइकांना अडचण येऊ नये म्हणून शाखांनी त्यांना योग्य मार्गदर्शन करावे, असेही त्यात सांगितले होते. या विषयात शाखेतील कर्मचाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, व्यक्तीशी प्रथम तिच्याशीच बोलावे. सोबतच्या नातेवाइकाशी नव्हे. तिला व्यवहार कितपत समजतो हे दोन साध्या प्रश्नांत कळून येते. दुसरी, अज्ञान मुलाच्या नावे खाते उघडताना पालकांना अठराव्या वर्षानंतरच्या तरतुदीची कल्पना द्यावी आणि अर्ज वेळेत करण्यास सुचवावे. तिसरी, मानसिक आजार आणि बौद्धिक अक्षमता यांची गल्लत करून चुकीच्या कायद्याखालील कागद मागू नयेत. चौथी, गर्दी व गोंगाट सहन न होणाऱ्या व्यक्तीला रांगेत ताटकळत ठेवण्याऐवजी आतील टेबलाजवळ बसवावे किंवा कमी वर्दळीची वेळ द्यावी. यासाठी कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही.

पैशाचे नियोजन

आईवडिलांच्या हातात असलेली साधने नीट जुळवली तर बरेच काही साधता येते. येथे मुख्य मुद्द्यांचा परामर्श घेऊ.

नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे. ठेवीवरील नामनिर्देशित व्यक्तीला बँक रक्कम देते. ती रक्कम मात्र तिने कायदेशीर वारसांच्या वतीने स्वीकारलेली असते. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींवर चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते. तथापि, कोणाला किती व कशासाठी मिळावे हे नामनिर्देशनाने ठरत नाही. त्यासाठी मृत्युपत्र करावे. 'सगळे धाकट्याच्या नावावर करतो, तो दादाला बघेल' असा तोंडी भरवसा अनेक घरांत दिला जातो. भाऊ प्रामाणिक असला तरी त्याच्यावर कर्ज होऊ शकते, त्याचे स्वतःचे निधन होऊ शकते. म्हणून मोठी रक्कम किंवा घर असल्यास १८८२ च्या भारतीय न्यास कायद्यानुसार खाजगी विश्वस्त निधी करण्याचा विचार करावा. विश्वस्त दोन किंवा तीन असावेत, त्यांपैकी निदान एक जण आईवडिलांपेक्षा वयाने बराच लहान असावा आणि निधी कशावर खर्च करावा हे दस्तऐवजात स्पष्ट लिहावे.

निवृत्तिवेतनधारकांनी एका तरतुदीकडे विशेष लक्ष द्यावे. केंद्र शासनाच्या सेवेतील वा निवृत्त व्यक्तीच्या, उपजीविका करू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला विहित अटींनुसार आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. उत्पन्नाची अट २०२१ मध्ये शिथिल करण्यात आली. अशा अपत्याचे नाव निवृत्तिवेतन आदेशात हयातीतच नोंदवून घेता येते. तसे केल्यास पुढे कार्यालयांचे हेलपाटे वाचतात. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ यामध्येही कायमस्वरूपी पूर्ण अपंगत्व असलेल्या अपत्यासाठी आजीवन निवृत्तिवेतनाची तरतूद आहे.

आयकराच्या बाबतीत, १९६१ च्या कायद्यातील कलम ८०डीडी अन्वये अवलंबित दिव्यांग व्यक्तीच्या देखभालीसाठी ७५ हजार रुपयांची आणि तीव्र अक्षमता असल्यास १ लाख २५ हजार रुपयांची वजावट ठेवण्यात आली. तीही जुन्या करप्रणालीपुरती. २०२५ च्या नव्या आयकर कायद्याने १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख ठरवली असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. यास्तव विवरणपत्र भरताना सल्लागाराकडून खात्री करून घ्यावी.

याच कलमाखालील विमा योजनांच्या संदर्भात एक उद्बोधक घटना घडली. पूर्वी अशा योजनेचा लाभ आईवडिलांच्या मृत्यूनंतरच मुलाला मिळत असे. मुलाचे वय पन्नास आणि आईवडिलांचे ऐंशी झाले तरी स्वतः भरलेले पैसे त्याच्या उपचारांसाठी वापरता येत नसत. एका पालकाने याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. जानेवारी २०१९ मध्ये न्यायालयाने कायदा रद्द केला नाही. परंतु शासनाने या तरतुदीचा फेरविचार करावा असे सुचवले. २०२२ च्या वित्त कायद्याने बदल केला आणि पालकाने साठ वर्षे पूर्ण केल्यावर व हप्ते थांबल्यावर त्याच्या हयातीतही लाभ देणे शक्य झाले. एका पालकाने उचललेल्या प्रश्नाचा फायदा असंख्य कुटुंबांना मिळाला.

माहितीची वही आणि माणसांचे वर्तुळ

पैसा आणि कायदा यांची सोय झाली तरी मूळ प्रश्नाचा एक भाग शिल्लकच राहतो. आई गेल्यावर त्या मुलाला काय आवडते हे कोण सांगणार? तो कुकरच्या शिट्टीला घाबरतो, वरणभात वेगवेगळा वाढला तरच जेवतो, दुखत असेल तर बोलत नाही पण कानाला हात लावतो, हे ज्ञान एका व्यक्तीच्या डोक्यात असते आणि तिच्याबरोबरच नाहीसे होते. म्हणून प्रत्येक कुटुंबाने एक माहितीची वही ठेवावी. तीत औषधे, डॉक्टर, कागदपत्रे कोठे आहेत, दिनक्रम, आवडीनिवडी, भीती आणि संवादाच्या खुणा लिहाव्यात. दर वर्षी, वाढदिवसाच्या सुमारास, ती तपासून दुरुस्त करावी. या वहीला कायदेशीर किंमत नसली तरी नव्या काळजीवाहकासाठी ती मृत्युपत्राइतकीच मोलाची ठरते.

वही वाचणारी माणसेही हवीत. कॅनडामध्ये १९८९ साली काही पालकांनी याच प्रश्नातून 'प्लॅन' ही संस्था स्थापन केली. प्रत्येक दिव्यांग व्यक्तीभोवती नातलग, शेजारी, मित्र यांचे एक छोटे वर्तुळ जाणीवपूर्वक उभे करणे, हे त्यांचे मुख्य कार्य. त्यांच्या प्रयत्नांतून पुढे २००८ मध्ये कॅनडा सरकारने दिव्यांगांसाठी स्वतंत्र बचत योजना सुरू केली व तीत सरकारी अनुदानाची भर घातली. अमेरिकेतही २०१४ च्या कायद्याने अशी करसवलतीची खाती आली. मात्र कॅनडातील क्रम लक्षणीय आहे : पालकांनी आधी माणसे जोडली, बचत योजना नंतर आली.

आपल्याकडे वाड्यात, चाळीत, गावात हे वर्तुळ पूर्वी आपसूक असे. शेजारची काकू मुलाला दुपारी सांभाळी, दुकानदार त्याला ओळखत असे, वाट चुकल्यास कोणीतरी घरी आणून सोडत असे. त्यात हेटाळणीही होती, हे नाकारता येत नाही. पण ओळख होती. आज तरुण कुटुंबे नव्या वसाहतींत राहतात. कोलकात्याच्या पूर्वेला नियोजनपूर्वक वसवलेले न्यू टाउन असो, नवी मुंबईतील खारघर असो की पुण्याजवळचे हिंजवडी, नोकरीनिमित्त आलेल्या जोडप्याचे आजीआजोबा शेकडो मैल दूर असतात आणि समोरच्या दारावरील नावाखेरीज शेजाऱ्याची माहिती नसते. रुंद रस्ते, उद्वाहने, उद्याने आणि उतरंडी या सोयी महत्त्वाच्या आहेत. परंतु उद्यानातील झोपाळ्यावर स्वमग्न मूल बसले असताना इतर पालक आपली मुले बाजूला नेणार नाहीत, याची हमी नगररचनेच्या आराखड्यात देता येत नाही. ती तेथे राहणाऱ्यांनीच द्यावयाची असते.

गृहनिर्माण संस्थेच्या गणेशोत्सवात ध्वनिवर्धकाविना एक तास ठेवता येतो. सुरक्षारक्षकाला मुलाची ओळख व आईवडिलांचा दूरध्वनी देऊन ठेवता येतो. महिन्यातून एक संध्याकाळ शेजाऱ्याने त्या मुलासोबत घालवली, तर आईवडिलांना एकत्र बाहेर पडता येते. कित्येक घरांत असे वर्षानुवर्षे घडलेले नसते. भावंडांचाही विचार व्हावा. लहानपणापासून 'तुलाच पुढे बघायचे आहे' असे बजावण्यापेक्षा त्यांना योग्य वयात सर्व माहिती द्यावी आणि त्यांचे मत विचारावे. जबाबदारी स्वखुशीने स्वीकारलेली असेल तर ती टिकते.

सहकाऱ्यांचे कर्तव्य

बँकेच्या कर्मचाऱ्यांतही असे पालक आहेत. केंद्र शासनाच्या २०१४ च्या आदेशाने दिव्यांग अपत्याची काळजी घेणाऱ्या कर्मचाऱ्याला नियमित बदलीतून, प्रशासकीय अडचणी सांभाळून, सूट देण्याचे धोरण घालून दिले. त्यामागे सवलत देण्याइतकाच व्यवहारी विचार आहे. अनेक वर्षे खपून उभे केलेले शाळा, उपचारतज्ज्ञ आणि शेजारी यांचे जाळे बदलीच्या एका आदेशाने तुटते व नव्या गावी ते पुन्हा विणण्यास अनेक वर्षे लागतात. दिव्यांग अपत्याच्या मातेला बालसंगोपन रजा नाकारता येणार नाही, असा दृष्टिकोन सर्वोच्च न्यायालयानेही एप्रिल २०२४ मध्ये मांडला. सहकाऱ्याने दुपारी लवकर निघण्याची परवानगी मागितली तर त्यामागे उपचाराची ठरलेली वेळ असू शकते, एवढे तरी सर्वांनी समजून घ्यावे.

'आमच्यानंतर काय?' या प्रश्नाचे उत्तर एका दिवसात तयार होत नाही. ओळखपत्र, पालकत्व प्रमाणपत्र, मृत्युपत्र, निवृत्तिवेतनाची नोंद, माहितीची वही आणि विश्वासाची चारसहा माणसे, असे ते थोडे थोडे जमवावे लागते. ज्यांच्या घरी हा प्रश्न आहे त्यांनी यांपैकी एक काम याच महिन्यात हाती घ्यावे. ज्यांच्या घरी तो नाही, त्यांनी अशा एखाद्या कुटुंबाच्या वर्तुळात आपले नाव आपणहून नोंदवावे.